अँड्रॉइड अ‍ॅपमध्ये थ्रेडदरम्यान ऑब्जेक्ट सोपवणे

अँड्रॉइड अ‍ॅपच्या एका थ्रेडवर (स्वतंत्रपणे चालणाऱ्या कामाच्या धाग्यावर) तयार झालेला, अ‍ॅपच्या स्वतःच्या क्लासचा (आराखड्याचा) ऑब्जेक्ट, म्हणजे मेमरीतली माहितीची वस्तू, दुसऱ्या थ्रेडला वापरायला देण्याची पद्धत. देणारा थ्रेड बहुधा नेटवर्क, डेटाबेस किंवा फायलींचे काम मागे राहून करणारा असतो. घेणारा असतो मुख्य थ्रेड, ज्याच्याकडे पडद्याचा ताबा आहे.

ही देवघेव टळत नाही, कारण मुख्य थ्रेडला अँड्रॉइडने दोन्हीकडून बांधून ठेवले आहे. सेकंदाला ६० चौकटी रंगवायच्या तर एका चौकटीच्या वाट्याला जेमतेम १६ मिलिसेकंद येतात. स्पर्शाला ५ सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर अ‍ॅप अडकल्याची सूचना प्रणालीच दाखवते. २०११ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या हनीकोंबपासूनच्या आवृत्त्यांसाठी लिहिलेल्या अ‍ॅपने मुख्य थ्रेडवरून नेटवर्क वापरले, की सरळ एक्सेप्शन (काम अडवणारी चूक) येते. दुसऱ्या बाजूने, पडद्यावरचे व्ह्यू (बटण, मजकूर यांसारखे घटक) ज्या थ्रेडने उभे केले त्यानेच त्यांना हात लावायचा, असा दंडक आहे. थोडक्यात, माहिती आणणाऱ्याला ती दाखवता येत नाही आणि दाखवणाऱ्याला आणता येत नाही.

यासाठीची मूळ यंत्रणा चार क्लासची आहे. मेसेज हा पाठवायचा जिन्नस. मेसेजक्यू ही वेळेच्या क्रमाने लावलेली रांग. लूपर त्या रांगेतून एकेक मेसेज उचलत राहतो. आणि हँडलर एका टोकाला मेसेज रांगेत टाकतो, दुसऱ्या टोकाला तो उघडून काम करतो. मुख्य थ्रेडला लूपर तयारच मिळतो. इतर थ्रेडला तो स्वतः लावावा लागतो, किंवा लूपरसह येणारा हँडलरथ्रेड वापरावा लागतो. मेसेजमध्ये प्रकार ओळखण्यासाठी एक पूर्णांक, किरकोळ आकड्यांसाठी आणखी दोन पूर्णांक आणि कोणताही ऑब्जेक्ट धरू शकणारा एक रकाना असतो. आपला ऑब्जेक्ट या शेवटच्या रकान्यात ठेवायचा. मेसेज दरवेळी नवा बनवत नाहीत, साठ्यातून मागून घेतात. या साठ्यात जास्तीत जास्त ५० मेसेज राहतात. काम झाले की मेसेज पुसून साठ्यात परत जातो, म्हणून घेणाऱ्याने आतला ऑब्जेक्ट काढून ठेवावा, मेसेज जपून ठेवू नये.

एवढे जमले की काम झाले असे वाटते, पण खरा प्रश्न इथूनच सुरू होतो. एका प्रोसेसमधले (स्वतःची वेगळी मेमरी असलेल्या चालू प्रोग्राममधले) सगळे थ्रेड एकच हीप, म्हणजे ऑब्जेक्ट राहतात ती मेमरी, वापरतात. रांगेतून जातो तो ऑब्जेक्ट नव्हे, त्याचा संदर्भ, म्हणजे मेमरीतला ठावठिकाणा. सातबाऱ्याचा उतारा दुसऱ्याच्या हाती दिला म्हणून शेत जागचे हलत नाही, तसेच हे. पाठवणाऱ्याने आपल्याकडचा संदर्भ सोडला नाही, तर दोघेही त्याच मेमरीवर नांगर घालू शकतात. सूची पाठवून झाल्यावर मागचा थ्रेड तिच्यात नव्या नोंदी घालत राहिला आणि त्याच वेळी मुख्य थ्रेड ती वाचत असला, तर अ‍ॅप कधी कोसळते, कधी अर्धवट माहिती दाखवते, आणि चाचणीच्या फोनवर बहुतेकदा काहीच होत नाही. तिसरी शक्यता सर्वांत वाईट.

जावाचे मेमरी मॉडेल (एका थ्रेडने लिहिलेले दुसऱ्याला केव्हा दिसेल याचे नियम), जे २००४ च्या जावा ५ मध्ये नव्याने मांडले गेले, इथे निम्मीच हमी देते. रांगेत टाकणे आधी आणि रांगेतून काढणे नंतर, हा क्रम पक्का असतो, त्यामुळे पाठवण्यापूर्वी ऑब्जेक्टमध्ये जे लिहिले ते घेणाऱ्याला नक्की दिसते. पाठवल्यानंतर लिहिलेल्याबद्दल कोणतेही वचन नाही. यावर तीनच चांगले उपाय आहेत: ऑब्जेक्ट मुळात न बदलणारा करणे, पाठवताना त्याची प्रत काढणे, किंवा पाठवल्यावर त्याला पुन्हा हात न लावणे. अँड्रॉइडसाठी वापरल्या जाणाऱ्या कॉटलिन भाषेत डेटा क्लासचे (फक्त माहिती ठेवणाऱ्या क्लासचे) सगळे गुणधर्म ‘व्हॅल’, म्हणजे पुन्हा मूल्य न देता येणारे, केले म्हणजे पहिला उपाय साधला, असा समज सर्रास आढळतो. तो पुरेसा नाही: ‘व्हॅल’मागे बदलती सूची लपलेली असू शकते. प्रतीचेही तसेच, सूचीची प्रत काढली तरी आतले ऑब्जेक्ट जुनेच राहतात.

पार्सलेबलची (ऑब्जेक्ट बांधून पाठवण्याजोगा करणाऱ्या सोयीची) गरज असते असे शिकाऊ प्रोग्रामरांना हमखास वाटते. एका प्रोसेसच्या आत ती नसते. बंडलमध्ये (नाव-मूल्य जोड्यांच्या गाठोड्यात) घालून हँडलरने पाठवले तरी तिथे काही बांधले-सोडले जात नाही, पलीकडे तोच ऑब्जेक्ट निघतो. प्रोसेसची सीमा ओलांडायची असेल तेव्हा मात्र नियम बदलतात. मेसेंजरद्वारे (प्रोसेसदरम्यान मेसेज नेणाऱ्या क्लासद्वारे) जाताना मेसेजच्या त्या मोकळ्या रकान्यात अ‍ॅपचा स्वतःचा क्लास चालत नाही. बंडलच लागते, घेणाऱ्याला त्यासाठी क्लासलोडर (क्लास शोधून आणणारा घटक) सांगावा लागतो, आणि बाइंडरचा (प्रोसेसदरम्यानची वाहतूक करणाऱ्या यंत्रणेचा) सुमारे १ एमबीचा बफर प्रोसेसच्या सगळ्या चालू व्यवहारांत मिळून वापरला जातो. मोठे छायाचित्र त्यातून ढकलण्याचा नाद करू नये.

आतल्या क्लासच्या रूपात लिहिलेला हँडलर आपल्या अ‍ॅक्टिव्हिटीला (पडदा सांभाळणाऱ्या ऑब्जेक्टला) धरून ठेवतो. उशिराने पोचणारा मेसेज रांगेत असेपर्यंत बंद झालेला पडदाही मेमरीत अडकून राहतो. पडदा जाताना रांगेतले आपले मेसेज काढून टाकणे हा त्यावरचा साधा इलाज.

ही सगळी खटपट झाकण्यासाठी २००९ मध्ये असिंकटास्क हा तयार क्लास आला. अँड्रॉइड ११ मध्ये, २०२० साली, तो कालबाह्य ठरवला गेला. २०१७ मधला लाइव्हडेटा (बदललेले मूल्य पडद्याला कळवणारा क्लास) मागच्या थ्रेडवरून मूल्य स्वीकारतो, पण मुख्य थ्रेडची पाळी येण्याआधी पाठोपाठ अनेक मूल्ये आली तर फक्त शेवटचे पोचवतो. पडद्याची स्थिती दाखवायला हे सोयीचे, पण प्रत्येक घटना मोजायची असेल तेव्हा घातक. २०१८ पासून स्थिर झालेल्या कॉटलिनच्या कोरूटीनमुळे (मध्येच थांबून पुढे चालू करता येणाऱ्या कामांमुळे) थ्रेड बदलणे एका ओळीचे काम झाले. अर्थात अँड्रॉइडवर तिच्या मुख्य डिस्पॅचरच्या (काम मुख्य थ्रेडवर नेणाऱ्या घटकाच्या) पोटात तोच जुना हँडलर आहे, आणि ऑब्जेक्ट कोणाचा हा प्रश्नही तसाच.

हा प्रश्न भाषेनेच सोडवावा, असे प्रयत्न आयफोनच्या बाजूला अधिक झाले. आयफोनच्या स्विफ्ट भाषेच्या ५.५ आवृत्तीत, २०२१ साली, ‘सेंडेबल’ (थ्रेडदरम्यान देण्यास सुरक्षित) ही खूण आली, आणि २०२४ च्या स्विफ्ट ६ मध्ये धोक्याची देवघेव कंपायलरच (कोडचे रूपांतर करणारा प्रोग्रामच) अडवू लागला. आयफोनसाठी कोड बनवणाऱ्या कॉटलिन नेटिव्हने याआधी वेगळी वाट धरली होती: अनेक थ्रेडनी मिळून वापरायचा ऑब्जेक्ट, त्याच्या आतल्या सगळ्यासकट, आधी गोठवलाच पाहिजे आणि गोठल्यावर बदलू पाहिले तर एक्सेप्शन. प्रोग्रामरांना हा जाच झाला. २०२२ मधल्या कॉटलिन १.७.२० पासून नवा मेमरी व्यवस्थापक मूळ पर्याय झाला आणि ती सक्ती उठली.