चेहरा आधी, आवाज नंतर? मार्क हॅमिलची उलटी वाट

फोंड्याकडे देवळाच्या उत्सवात नाटक रंगलं की मागच्या रांगेतली काही म्हातारी माणसं डोळे मिटून बसतात. झोपलेली नसतात, संवाद नीट पडला की माना डोलतात. नभोनाट्यांत थोडंफार काम केल्यामुळे मला हे ऐकणारे प्रेक्षक फार जवळचे वाटतात. त्यामुळे परवा भाच्याच्या संगणकावर बॅटमॅनचा शत्रू जोकर हसला आणि हा आवाज 'स्टार वॉर्स' सिनेमात नायक ल्यूक झालेल्या मार्क हॅमिलचा आहे असं कळलं, तेव्हा मागची गोष्ट शोधल्याशिवाय राहवेना.

मार्क हॅमिलचा जन्म १९५१चा, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडचा. वडील नौदलात, म्हणून सतत बदल्या. शालान्त शिक्षण जपानमध्ये योकोसुकाला झालं. सिनेमा नाही म्हणून हा माणूस माइककडे वळला, असं सर्रास सांगतात. ते खरं नाही. १९७३ सालीच त्याने एका कार्टून मालिकेत आवाज दिला होता. ल्यूक आला तो १९७७च्या मे महिन्यात. (त्याच वर्षी आमच्या केरीच्या गायिका केसरबाईंची भैरवी व्हॉयेजर यानातून खरोखरच अंतराळात गेली. भिंतीवर पोस्टरं मात्र ल्यूकची लागली.)

तो गोरा, निरागस चेहरा पुढे इतर भूमिकांच्या आडवा येऊ लागला. न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याने 'द एलिफंट मॅन' हे नाटक केलं, 'अमेडियस'मध्ये मोझार्ट उभा केला. पण त्याच नाटकावरच्या १९८४च्या चित्रपटात मोझार्ट दुसऱ्याच नटाकडे गेला.

१९९२मध्ये बॅटमॅनची कार्टून मालिका सुरू झाली. जोकरसाठी आधी टिम करी हा नट ठरला होता, मग ती भूमिका हॅमिलकडे आली. आवाज-दिग्दर्शिका आंद्रिया रोमानो शक्यतो सगळ्या नटांना एकत्र घेऊन ध्वनिमुद्रण करत. म्हणजे केविन कॉनरॉयचा बॅटमॅन समोर, त्याच्या दबक्या सुरावर जोकरचा चढा सूर. ही तालमीतली जुगलबंदीच की! ते हसणंही दर वेळी निराळं: कधी लाडीक, कधी चिरकं, कधी मध्येच तुटलेलं.

याच सुमारास संगणकात सीडी आली. फ्लॉपीत दीडेक एमबी मावायचे, सीडीवर साडेसहाशेच्या आसपास. संगणकावरच्या खेळांना एकदम वाचा फुटली. १९९३च्या 'गॅब्रिएल नाइट'मध्ये नायकाचा आवाज टिम करीचा आणि त्याच्या पोलीस मित्राचा हॅमिलचा, हा योगायोग मला भारी आवडतो. पुढल्या वर्षी 'विंग कमांडर ३' चार सीडींवर आला. त्यात खऱ्या नटांचं चित्रीकरणच होतं. हॅमिल नायक, सोबत माल्कम मॅक्डॉवेल. आता खेळ म्हणजे सिनेमाच होणार, असं तेव्हा अनेकांना वाटलं. तसं झालं नाही. त्रिमिती चित्रं सुधारली, चित्रित केलेले चेहरे मागे पडले, आवाज तेवढे टिकले.

२००९मध्ये 'अर्खम असायलम' या बॅटमॅनच्या खेळात तोच जोकर, तोच कॉनरॉय. 'अर्खम सिटी' या पुढच्या खेळातल्या कामासाठी २०१२ साली हॅमिलला बाफ्टा हे ब्रिटिश पारितोषिक मिळालं. खेळासाठी आवाज देणं कार्टूनहून कठीण. नट बहुतेक वेळा काचेच्या खोलीत एकटा, समोर सहकलाकार नाही, वाक्यांना मागचा-पुढचा धागा नाही. खेळणारा कोणत्या दारातून जाईल ते ठाऊक नसतं, म्हणून एकाच प्रसंगाची कितीतरी उत्तरं बोलून ठेवावी लागतात. शिवाय पडल्याचे, मार खाल्ल्याचे, मरतानाचे आवाज. घसा फाटतो. अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने ऑक्टोबर २०१६मध्ये संप केला, तेव्हा घशावर ताण येणारं काम चार तासांऐवजी दोनच तास असावं, ही एक मागणी होती. उत्सवात लागोपाठ दोन रात्री नाटक केलेल्या आमच्या कुठल्याही नटाला हे समजावून सांगावं लागणार नाही.

२०१३च्या बॅटमॅनच्या खेळात जोकर ट्रॉय बेकरने केला, पण हॅमिलने घालून दिलेल्या वाटेवरूनच. २०१५च्या जूनमध्ये 'अर्खम नाइट' आला. त्यात जोकर मेलेला आहे; तो बोलतो तो बॅटमॅनच्या डोक्यात. डिसेंबरात 'स्टार वॉर्स'चा नवा भाग आला. शेवटच्या प्रसंगात समुद्राकाठच्या कड्यावर म्हातारा ल्यूक वळून बघतो. पडद्यावर हॅमिलचा चेहरा, आणि तोंडी एकही वाक्य नाही.