पत्ता बरोबर, मजकूर भलताच

औषधांची माहिती शोधून पारखणं हे फार्मासिस्टचं वेगळं काम म्हणून उभं राहिलं ते १९६२ पासून. त्या वर्षी अमेरिकेत केंटकी विद्यापीठात औषध माहिती केंद्र सुरू झालं. डॉक्टरांनी प्रश्न विचारायचा, फार्मासिस्टने ग्रंथ आणि नियतकालिकं धुंडाळून उत्तर द्यायचं. त्या ग्रंथांना निदान संपादकांची चाळणी लागलेली असे.

१९९७ साली पबमेड, म्हणजे वैद्यकीय संशोधन लेखांची ऑनलाइन सूची, सर्वांना फुकट खुलं झालं. त्याच वर्षी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मुलांच्या तापाबद्दलच्या ४१ वेबपानांची तपासणी छापून आली. वैद्यकीय शिफारशींशी नीट जुळणारी पानं निघाली फक्त ४! चाळणी कुठे गेली, ते तेव्हा कळलं.

मग कसोट्या आल्या. ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकाने १९९७ मध्येच चार गोष्टी बघायला सांगितल्या: लेखक कोण, माहिती कुठून घेतली, पैसा कोणाचा, मजकूर कधीचा. जिनिव्हाच्या ‘हेल्थ ऑन द नेट’ या संस्थेने तर वेबसाइटवर लावायला शिक्काच काढला होता, तो २०२२ मध्ये बंद पडला. माझ्या मते या कसोट्या पानाचा चेहरा बघतात. दाव्याच्या मुळाशी त्या जात नाहीत.

१९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेलं पत्र बघा. जेमतेम पाच वाक्यांचं. इस्पितळात अफूवर्गीय वेदनाशामक मिळालेल्या ११,८८२ रुग्णांपैकी, आधी व्यसन नसलेल्या फक्त चौघांमध्ये व्यसनाची नोंद सापडली, एवढंच त्यात आहे. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल अवाक्षर नाही. तरी ‘व्यसन क्वचितच लागतं’ याला पुरावा म्हणून ते वर्षानुवर्षं पुढे केलं गेलं. लेखक, तारीख, नामांकित जर्नल, सगळं जागच्या जागी; वरच्या कसोट्यांत संदर्भ बिनबोभाट पास झाला असता.

कॅनडातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये मोजदाद केली. पत्राचा हवाला ६०८ वेळा दिलेला. त्यातल्या ४९१ ठिकाणी हे रुग्ण इस्पितळात दाखल होते, हे सांगितलेलंच नव्हतं. मूळ पत्र वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत, म्हणून हा आकडा जास्त बोचतो.

त्यानंतर जर्नलने पत्रावर टीप चढवली: याचा वारेमाप आणि न पारखता हवाला दिला गेला आहे. छापल्यानंतर ३७ वर्षांनी.