हँडीकॅम घेताना झूम नव्हे, सेन्सर विचारा

खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला असतो तो झूमचा आकडा. सोनीच्या सीएक्स४०५ या स्वस्तातल्या हँडीकॅमचा ऑप्टिकल झूम, म्हणजे भिंगाने दूरचं जवळ आणणं, ३० पट, आणि त्याच कंपनीच्या कितीतरी महाग एएक्स७०० चा फक्त १२ पट. मग जास्तीचे पैसे कशाचे?

भिंगामागच्या सेन्सरचे, म्हणजे प्रकाश टिपून चित्र बनवणाऱ्या चिपचे. सीएक्स४०५ चा सेन्सर १/५.८ इंची, म्हणजे कर्ण जेमतेम ३ मिलिमीटर; तांदळाची कणी म्हणा ना. एएक्स७०० चा १ इंची. (हा इंच फसवा आहे. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांत चित्र टिपायला काचेची नळी असे. तिच्या बाहेरच्या व्यासावरून ही मापं पडली आणि नळी गेली तरी टिकली. १ इंची सेन्सरचा कर्ण प्रत्यक्षात १६ मिलिमीटरच्या आसपास भरतो.) तरीही दोघांच्या क्षेत्रफळात वीसपटींहून जास्त फरक आहे.

भर उन्हात तो जाणवत नाही. स्नेहसंमेलनाच्या अंधाऱ्या सभागृहात जाणवतो. प्रकाश येतो तो फोटॉनच्या, म्हणजे प्रकाशकणांच्या, थेंबांनी. पाऊस भुरभुरत असताना अंगणात वाटी ठेवली तर तीत किती थेंब पडतील याचा नेम नसतो, परातीतला हिशेब मात्र फारसा हलत नाही. १०० फोटॉन जमले तर साधारण १० चा चढउतार होतो, म्हणजे १० टक्के. १०,००० जमले तर १०० चा, म्हणजे एकच टक्का. काळोख्या चित्रात वळवळणाऱ्या मुंग्या त्या याच.

लहान सेन्सरला छोटंसं भिंगही दूरचं जवळ आणून देतं, म्हणून ३० पट झूम स्वस्तात बसतो. मोठ्या सेन्सरला तेवढा द्यायचा तर कॅमेरा हातात मावणार नाही. डिजिटल झूम तर धरूच नका. ते टिपलेल्या चित्राचा तुकडा ताणणं आहे.

माझा कल मधल्या एएक्स५३ कडे. १/२.५ इंची सेन्सर, २० पट झूम, आणि हात थरथरला की आतलं अख्खं भिंगच उलट बाजूला डोलून चित्र स्थिर ठेवतं. बाहेरचा माइकही जोडता येतो. सीएक्स४०५ ला ती सोय नाही. आजीच्या ओव्या रेकॉर्ड करायच्या असतील तर हे फार मोलाचं आहे.

हात आखडता असेल तर? आजच्या बहुतेक फोनचा मुख्य सेन्सर सीएक्स४०५ पेक्षा मोठा असतो. सभागृहात फोनच वापरा. पण उन्हातल्या मैदानावर, पलीकडच्या टोकाला चाललेल्या लेझीमच्या रांगेत आपली लेक टिपायची असेल, तर तिथे तो ३० पट झूमच कामाला येईल.