सर्टिफिकेट आलं, आता टॉमकॅटसाठी कीस्टोअर कसं बनवायचं?

आमच्याकडून एसएसएल सर्टिफिकेटची (साइट https वर चालायला लागतं ते) मेल गेली की दोन दिवसांत ठरलेला फोन येतो, "फाइल सर्व्हरवर टाकली पण साइट काही उघडत नाही". बहुतेक वेळा सर्टिफिकेट ठणठणीत असतं, चावी, म्हणजे प्रायव्हेट की, तेवढी कीस्टोअरच्या (टॉमकॅट या जावाच्या वेब सर्व्हरला की आणि सर्टिफिकेट एकत्र देणारी फाइल) बाहेर राहिलेली असते.

आमच्या झिपमध्ये दोनच फाइली येतात, तुमच्या डोमेनचं सर्टिफिकेट आणि इंटरमीडिएट (तुमच्या सर्टिफिकेटला वरच्या, ब्राउझरच्या विश्वासातल्या सर्टिफिकेटशी जोडणारं मधलं सर्टिफिकेट). प्रायव्हेट की त्यात नसते आणि नसायलाच पाहिजे, कारण सीएसआर (सर्टिफिकेट मागायची अर्जाची फाइल) बनवला तेव्हा ती तुमच्याच मशीनवर तयार झाली, आम्ही ती बघितलेलीसुद्धा नाही. त्यामुळे आमच्याकडे मागू नका आणि प्लीज व्हॉट्सअॅपवर पाठवू पण नका (पाठवतात हो लोक!). हरवलीच असेल तर नवीन सीएसआर करून द्या, आम्ही रीइश्यू करून देतो.

आता आधी आठवा, सीएसआर कशाने केला होता? कीटूलने (जावासोबत येणारं कीस्टोअरचं टूल) केला असेल तर की आधीच त्या जुन्या कीस्टोअरमध्ये बसलेली आहे, त्याच फाइलमध्ये आधी इंटरमीडिएट आणि मग सर्टिफिकेट इम्पोर्ट करा, फक्त सर्टिफिकेटला एलियास (कीस्टोअरमधल्या नोंदीचं नाव) तोच द्या जो की बनवताना दिला होता. एलियास चुकला की सगळं मुसळ केरात.

ओपनएसएसएलने (की आणि सर्टिफिकेटचं दुसरं, जावाबाहेरचं टूल) केला असेल तर की वेगळ्या फाइलीत असते आणि कीटूल अशी सुटी की थेट घेतच नाही. म्हणून ओपनएसएसएलच्या पीकेसीएस१२ (की आणि सर्टिफिकेट एकत्र ठेवायचा फाइल फॉरमॅट) एक्सपोर्टने की, सर्टिफिकेट आणि इंटरमीडिएट तिन्ही एका पीएफएक्स फाइलमध्ये बांधायचे, पासवर्ड द्यायचा, एलियास द्यायचा, झालं. पूर्वी याच्यापुढे जेकेएसमध्ये (जावाचा जुना कीस्टोअर प्रकार) बदलायला लागायचं पण जावा ९ पासून कीस्टोअरचा डिफॉल्ट प्रकारच पीकेसीएस१२ आहे, तर ती फाइल तशीच टॉमकॅटला द्या, सर्व्हर डॉट एक्सएमएल या टॉमकॅटच्या सेटिंग फाइलच्या कनेक्टरमध्ये पाथ, पासवर्ड आणि टाइप लिहा आणि रीस्टार्ट मारा. पासवर्ड डिफॉल्टचा 'चेंजइट' ठेवू नका, नावातच सांगितलंय बदला म्हणून.

एक खोच आहे. ओपनएसएसएल ३ ने बनवलेली फाइल जुनं जावा ८ वाचू शकत नाही आणि एरर असा येतो की माणूस पासवर्डच शोधत बसतो. जावा अपडेट करा, नाहीच जमलं तर एक्सपोर्ट करताना लेगसी ऑप्शन लावा.

रीस्टार्टच्या आधी कीटूलने लिस्ट काढून बघा. 'प्रायव्हेट की एंट्री' दिसलं पाहिजे आणि चेन लेंथ (एकमेकांना जोडलेली सर्टिफिकेटं किती) किमान २. 'ट्रस्टेड सर्ट एंट्री' एवढंच दिसलं तर की आत गेलेलीच नाही. चेन १ असेल तर इंटरमीडिएट राहिलं, आणि हे जास्त फसवं, कारण ऑफिसच्या क्रोममध्ये साइट मस्त उघडते आणि मोबाइल अॅप नाहीतर पेमेंटचा कॉलबॅक मात्र अडकतो.

हे सगळं एकदाच करून सुटका नाही. १५ मार्च २०२६ पासून नव्या सर्टिफिकेटची कमाल मुदत २०० दिवस, मार्च २०२७ पासून १०० आणि मार्च २०२९ पासून फक्त ४७ दिवस. तेव्हा चाललेल्या कमांड एका स्क्रिप्टमध्ये सेव्ह करून ठेवा, आणि नवीन कीस्टोअर नीट चालेपर्यंत जुनं उडवू नका.