ट्रकचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स घरी बदलणे

पिकअप किंवा तत्सम हलक्या ट्रकचा निकामी झालेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मालकाने स्वतःच्या जागेत, मोजक्या हत्यारांनिशी उतरवणे आणि त्या जागी दुसरा चढवणे. गिअरबॉक्स खोलून आतले क्लच, ब्रेकपट्टे आणि सील बदलणे याला ओव्हरहॉल म्हणतात. ते वेगळे आणि अधिक कसबाचे काम आहे. येथे अख्खे युनिट बदलले जाते. अवजड ट्रकांचे गिअरबॉक्स वजनामुळेच घरगुती आवाक्याबाहेर राहतात, म्हणून ते या नोंदीत धरलेले नाहीत.

हे काम कमी खर्चात होते, कारण गॅरेजच्या बिलात मजुरीचा वाटा मोठा असतो आणि ही मजुरी बरीचशी पाने चालवण्याची आणि वजन उचलण्याची असते. तेवढी घरी वाचवता येते. मात्र निदान, तेलाचा कूलर आणि टॉर्क कन्व्हर्टर (इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) या तीन ठिकाणी केलेली काटकसर अंगाशी येते. घरी बसवलेले गिअरबॉक्स पुन्हा बिघडतात तेव्हा कारण सहसा यांपैकीच एखादे निघते.

निदान

गिअर घसरतो किंवा पडत नाही, एवढ्यावरून गिअरबॉक्स उतरवायला घेऊ नये. तेलाची पातळी कमी असली तरी अशीच लक्षणे दिसतात. जुन्या युनिटांत व्हॅक्यूम मॉड्युलेटरची (इंजिनाच्या निर्वातावर चालणाऱ्या नियंत्रकाची) नळी चिरलेली असते, तर इलेक्ट्रॉनिक युनिटांत सोलेनॉइड (विजेवर चालणारा व्हॉल्व्ह), वायरिंग किंवा वेगाचा सेन्सर बिघडलेला असतो. हे दोष गिअरबॉक्स जागेवर ठेवूनच दुरुस्त होतात. म्हणून आधी गाडीच्या संगणकातले दोषसंकेत वाचावेत, गेज लावून तेलाचा दाब मोजावा आणि चेंबर, म्हणजे तळाचे तेलाचे भांडे, उघडून पाहावे. त्यातल्या लोहचुंबकावर करड्या रंगाचा पातळ थर असणे ही नेहमीची झीज आहे. पितळी कण, धातूचे काप किंवा क्लचच्या अस्तराचा काळा गाळ आणि त्यासोबत तेलाला जळका वास, असे आढळले तर आतला भाग गेला आहे असे समजावे.

कोणते गिअर गेले यावरूनही बरेच कळते. जनरल मोटर्सच्या ४एल६०ई या युनिटात दुसरा, चौथा आणि रिव्हर्स हे तीन गिअर एकदम नाहीसे झाले, तर सन गिअर (गिअरांच्या संचातला मधला गिअर) फिरवणारे घंटेच्या आकाराचे कवच तुटलेले असते. पहिला आणि दुसरा चालतात पण तिसरा आणि चौथा घसरतात, तेव्हा त्या दोघांचा सामाईक क्लच जळालेला असतो. या दोन्ही दोषांत युनिट उतरवण्यावाचून गत्यंतर नाही.

युनिटची निवड

बदली युनिट भंगारातल्या गाडीचे, ओव्हरहॉल केलेले किंवा कारखान्यातून पुनर्निर्मित होऊन आलेले असते. भंगारातले सर्वांत स्वस्त पडते आणि जोखीमही त्यातच अधिक. ते चालत्या गाडीत तपासूनच घेणे उत्तम. तसे शक्य नसेल तर तेलाचा रंग आणि वास पाहावा, आणि विक्रेता तयार असल्यास चेंबर उतरवून आत नजर टाकावी. ओव्हरहॉल केलेले युनिट घेताना विक्रेता बहुधा जुन्या गिअरबॉक्सपोटी अनामत ठेवून घेतो. जुने युनिट परत दिल्यावर ती मिळते, म्हणून त्याचे कवच फोडू नये.

नाव एक असले तरी दोन युनिटे एकसारखी असतीलच असे नाही. १९८२ मध्ये आलेले ७००आर४ केबलवर चालत असे. त्याचेच पुढचे रूप असलेल्या ४एल६०ईचा ताबा १९९३ पासून संगणकाकडे गेला. दोन्हींचे गिअर-प्रमाण सारखे आहे (पहिला ३.०६, चौथा ०.७०), पण एकाच्या जागी दुसरे सरळ बसत नाही. बेल हाउसिंगच्या (गिअरबॉक्सच्या इंजिनाला जोडल्या जाणाऱ्या पुढच्या भागाच्या) बोल्टांची रचना इंजिनानुसार बदलते, आणि फोर-व्हील ड्राइव्हच्या युनिटाचा मागचा शाफ्ट ट्रान्सफर केसला (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीला) जोडला जाईल असा असतो. युनिटावरचा सांकेतिक क्रमांक जुळवून पाहणे हाच भरवशाचा मार्ग आहे.

उतरवणे

गाडी सपाट, पक्क्या जमिनीवर चार भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. नवख्यांच्या ध्यानात न येणारी एक गोष्ट आहे. पार्कमधला खटका गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट अडवतो, चाके नव्हे. प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून चाकांकडे ताकद नेणारा दांडा) काढला की पार्क निरुपयोगी होतो. त्यामुळे जी चाके जमिनीवर टेकलेली असतील ती आधीच अडकवून ठेवावी लागतात. बॅटरीची तार सर्वांत आधी काढावी, कारण स्टार्टरच्या जाड तारेत वीज कायम असते.

पुढचा क्रम बहुतेक गाड्यांत सारखाच आहे. तेल काढणे, शाफ्टवर खुणा करून तो उतरवणे, गिअरची जोडणी, वायरी आणि कूलरच्या नळ्या सोडवणे, गरज पडल्यास सायलेन्सरचा पाइप आणि स्टार्टर काढणे. मग खालचे झाकण उघडून फ्लेक्सप्लेटला (इंजिनाच्या मागच्या टोकाला फिरणाऱ्या पातळ चकतीला) कन्व्हर्टर जोडणारे बोल्ट इंजिन हाताने थोडे थोडे फिरवत एकेक करून सोडवायचे. यानंतर इंजिनाला खालून लाकडी ठोकळ्याचा आधार द्यावा, गिअरबॉक्स जॅकवर साखळीने बांधावा आणि मगच क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला पेलणारा आडवा दांडा) काढावा. बेल हाउसिंगचे वरचे दोन बोल्ट सर्वांना छळतात. गिअरबॉक्सची शेपटी काळजीपूर्वक थोडी खाली झुकवली की लांब एक्स्टेन्शन लावून मागच्या बाजूने त्यांच्यापर्यंत पोहोचता येते.

वजन युनिटागणिक बदलते. ४एल६०ई कोरडे सुमारे ६५ ते ७० किलो भरते, तर त्याहून दणकट ४एल८०ई शंभर किलोच्या वर जाते. गिअरबॉक्सचा जॅक भाड्याने मिळतो आणि तो खर्च टाळू नये. छातीवर तोलून गिअरबॉक्स उतरवल्याच्या कथा ऐकायला मिळतात, पण बोटे आणि बरगड्या मोडतात त्या याच प्रयत्नात. खाली घेताना कन्व्हर्टर पुढे घसरून पडू शकतो, म्हणून त्यालाही पट्टीने अडकवावे.

युनिट बाहेर आहे तोवर फ्लेक्सप्लेटला तडे आहेत का ते पाहावे आणि इंजिनाचे मागचे ऑइल सील बदलून टाकावे. सील किरकोळ वस्तू आहे. त्याच्यासाठी सगळे पुन्हा खोलणे किरकोळ नाही.

कूलर

जळालेल्या क्लचचा गाळ आणि धातूचे कण कूलरमध्ये आणि त्याच्या नळ्यांत अडकून राहतात. नव्या गिअरबॉक्सचे तेल त्याच वाटेने फिरते आणि ती घाण काही दिवसांत व्हॉल्व्ह बॉडीच्या (तेलाची वाट ठरवणाऱ्या भागाच्या) बारीक वाटांमध्ये जाऊन बसते. नळ्या दोन्ही दिशांनी धुऊन स्वच्छ तेल बाहेर येईपर्यंत थांबू नये. आतून पडदे असलेला कूलर पूर्ण धुतला जात नाही, तो बदलावा. जुना कन्व्हर्टर वापरण्याचा मोहही याच कारणाने टाळावा: तो कापून उघडल्याशिवाय आतून साफ होत नाही.

कन्व्हर्टर बसवणे

सगळ्या कामातले सर्वांत नाजूक दहा मिनिटांचे काम हे आहे. कन्व्हर्टरमध्ये साधारण लिटरभर तेल ओतून तो शाफ्टवर सरकवतात. त्याला तीन ठिकाणी गुंतायचे असते: आत जाणाऱ्या शाफ्टच्या दात्यांत, स्टेटरच्या (कन्व्हर्टरमधल्या तेलाला दिशा देणाऱ्या चाकाच्या) आधारनळीच्या दात्यांत आणि शेवटी पंपाच्या गिअरमध्ये. हलके दाबत फिरवत राहिल्यावर तो टप्प्याटप्प्याने आत बसतो आणि प्रत्येक टप्पा हाताला जाणवतो. शेवटचा टप्पा राहून गेला तरी वरवर सगळे ठीक दिसते.

पुढे बेल हाउसिंग इंजिनाच्या खुंट्यांवर हातानेच पूर्ण टेकले पाहिजे. फट राहिली तर बोल्ट आवळून ती मिटवू नये. तसे केल्यास पंप फुटतो आणि इंजिन सुरू होताच नवे युनिट संपते. युनिट मागे घेऊन कन्व्हर्टर पुन्हा बसवावा. ठीक बसलेला कन्व्हर्टर बोल्ट लावण्याआधी हाताने मोकळा फिरतो आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत येण्यासाठी त्याला साधारण ३ ते ५ मिलिमीटर पुढे ओढावे लागते. हे अंतर मोजून पाहावे, अंदाजावर सोडू नये.

तेल आणि जुळवणी

तेल उत्पादकाने सांगितलेलेच घ्यावे. डेक्स्रॉन, मर्कॉन आणि एटीएफ+४ ही वेगवेगळ्या प्रतींची गिअरबॉक्स तेले परस्परांची बदली नव्हेत. इंजिन सुरू करण्याआधी चेंबर भरावे. सुरू झाल्यावर पंप कन्व्हर्टर आणि कूलर भरू लागतो, तेव्हा पातळी झपाट्याने उतरते आणि लागलीच आणखी तेल घालावे लागते. ब्रेक दाबून प्रत्येक गिअर काही क्षण लावावा. अखेरची पातळी तेल गरम असताना, इंजिन चालू ठेवून पाहतात: बहुतेक युनिटांत पार्कवर, काही जुन्या क्रायस्लर युनिटांत न्यूट्रलवर. डिपस्टिक नसलेल्या नव्या युनिटांत ठरावीक तापमानाला बाजूचा बोल्ट काढून पातळी पाहावी लागते.

७००आर४सारख्या युनिटात थ्रॉटलची केबल तेलाचा दाब ठरवते. ती सैल राहिली तर दाब कमी पडतो आणि चांगले क्लच पहिल्याच फेरीत जळू शकतात. म्हणून केबल जुळवल्याखेरीज गाडी रस्त्यावर काढू नये. इलेक्ट्रॉनिक युनिटांत जुने दोषसंकेत पुसावेत. संगणक नव्या युनिटाशी जुळवून घेईपर्यंत गिअर काही काळ झटक्याने पडू शकतात.

पहिली फेरी जवळच मारावी, परत येऊन गळती पाहावी आणि बोल्ट पुन्हा तपासावेत. काहीशे किलोमीटरनंतर चेंबर एकदा उघडून फिल्टर बदलावा. चुंबकावर तेव्हा नव्या क्लचच्या झिजेचा मऊ थर दिसेल. त्यात धातूचे काप आढळले तर गाडी तिथेच थांबवून युनिट विक्रेत्याला दाखवावे.