पिंपांभोवतीची पांढरी वलयं

लॉस एंजेलिसजवळच्या समुद्रात, जवळपास 900 मीटर खोलीवर, गंजलेली पिंपं पडून आहेत. त्यांचे फोटो छापून आले आणि ‘डीडीटीची पिंपं’ (डीडीटी म्हणजे एक कीटकनाशक) हे नाव त्यांना कायमचं चिकटलं. आत काय आहे हे तपासायच्या आधीच! काही पिंपांभोवतीच्या गाळात पांढरंफटक वलय दिसतं. स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी 2021 मध्ये यंत्रयान उतरवून तिथला गाळ वर आणला. त्यांचे निष्कर्ष 2025 मध्ये प्रसिद्ध झाले.

डीडीटी गाळात होतं, पण पिंपाच्या जवळ जावं तसं ते वाढत नव्हतं. वलयात चढलेला होता तो पीएच, म्हणजे आम्ल-अल्कली मोजायचा आकडा, थेट 12 च्या आसपास. समुद्राच्या पाण्याचा पीएच 8 च्या जवळ असतो. ही पट्टी दहाच्या पटीत चढते, त्यामुळे चार अंकांचा फरक म्हणजे अल्कलीपणा आणणारे हायड्रॉक्साइड आयन दहा हजार पट. थोडक्यात, या पिंपांत तीव्र अल्कली होती.

पण समुद्र सगळं पोटात घालतो म्हणतात ना? मग ही अल्कली पन्नासहून जास्त वर्षांत विरून का गेली नाही?

कारण समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 1.3 ग्रॅम मॅग्नेशियम असतं. गळणारं हायड्रॉक्साइड त्याला भेटलं की मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचा साका बसतो. याच खनिजाला ब्रुसाइट म्हणतात, आणि पित्तावर घेतात ते पांढरं पातळ औषधही हेच. ब्रुसाइटने गाळाचे कण असे सांधले गेले की नमुन्याची नळी त्या कवचात घुसेना. शेवटी यानाच्या यांत्रिक हाताने तुकडा उचलावा लागला. हे कवच अतिशय सावकाश विरघळतं आणि हायड्रॉक्साइड परत सोडत राहतं. त्यामुळे गाळातल्या पाण्यातलं बायकार्बोनेट कार्बोनेट होतं, कॅल्शियमशी जुळतं आणि कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं. दिसतं ते पांढरं वलय या भुकटीचं. एरवी गरम झऱ्यांसारख्या अल्कधर्मी जागी सापडणाऱ्या जिवाणूंचे भाईबंद तिथे टिकून आहेत. बाकी सूक्ष्मजीवांची विविधता घटलेली.

पण म्हणून काही डीडीटी निर्दोष सुटत नाही. त्याच्या कारखान्याचा आम्लयुक्त कचरा बार्जमधून सरळ समुद्रात ओतला जात होता, पिंपात भरायचे कष्टही न घेता. त्यामुळे डीडीटी आजूबाजूच्या गाळात पसरलेलं आहे, पिंपं मोजून त्याचा हिशेब लागणार नाही. अल्कलीचा मात्र लागू शकेल: आतापर्यंत कॅमेऱ्यात दिसलेल्या पिंपांपैकी साधारण एकतृतीयांशांभोवती वलय आहे.