ठिसूळ दमा : एका नावामागचा आलेख

दम्याच्या बहुतेक रुग्णांचा आजार श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइडने आटोक्यात राहतो. मात्र अगदी थोड्यांच्या बाबतीत भरपूर औषध चालू असूनही श्वासनलिका दिवसातून कधी मोकळी, तर कधी जवळजवळ बंद, अशी हेलकावत राहते. या प्रकाराला १९७७ मध्ये ब्रिटिश डॉक्टर मार्गारेट टर्नर-वॉरविक यांनी 'ब्रिटल' म्हणजे ठिसूळ हे विशेषण लावले. मधुमेहातील बेभरवशाच्या साखरेसाठी हा शब्द आधीपासून रूढ होता. दम्यात तो आला तो रुग्णांच्या श्वासाच्या नोंदींवरून, आणि त्या नोंदी ठेवणे शक्य झाले ते एका साध्या उपकरणामुळे.

ते उपकरण म्हणजे श्वास किती वेगाने बाहेर फेकला जातो हे मोजणारे पीक फ्लो मीटर. साउथ वेल्समध्ये कोळसा खाणकामगारांच्या फुप्फुसविकारांवर संशोधन करणाऱ्या केंद्रात काम केलेले मार्टिन राइट यांनी ते घडवले आणि १९५९ मध्ये त्याची माहिती प्रसिद्ध झाली. पहिले मीटर गोल आणि जड होते, त्यामुळे ते दवाखान्यातच राही. १९७० च्या दशकात त्याची हलकी, नळीसारखी आवृत्ती आली आणि रुग्ण ती घरी नेऊ लागले. उभे राहायचे, छाती भरून श्वास घ्यायचा, ओठ नळीभोवती घट्ट मिटायचे आणि एकाच झटक्यात जोराने फुंकायचे. काटा जिथे थांबेल तो आकडा पाहायचा आणि तीन प्रयत्नांतला सर्वांत मोठा आकडा तक्त्यात लिहायचा. डॉक्टरांच्या खोलीत दुपारी अकरा-बाराला तपासलेला दमेकरी पुष्कळदा बरा दिसतो. पहाटे चार वाजता त्याचा श्वास किती उरला होता, हे प्रथमच या तक्त्यांमुळे कागदावर आले.

टर्नर-वॉरविक यांना या नोंदींत वेगवेगळे आकार दिसले. काहींची रेषा रोज सकाळी खाली घसरे, काहींची औषधाला दाद न देता खालीच राही आणि काहींची कोणताही नेम न ठेवता वर-खाली उसळे. हा तिसरा आकार म्हणजे ठिसूळ दमा. माझ्या मते या शोधाचे मोठेपण वैद्यकीय आहे तेवढेच माणुसकीचेही आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दम्याची गणना मनोकायिक आजारांत होत असे, आणि वारंवार रुग्णालयात भरती होणाऱ्यांवर 'घाबरट' हा शिक्का सहज बसे. सायंकाळी मिनिटाला ४०० लिटर आणि पहाटे २०० असे आकडे समोर असताना तसे म्हणणे अवघड झाले.

१९९८ मध्ये ब्रिटिश डॉक्टर जॉन एअर्स आणि सहकाऱ्यांनी या दम्याचे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे केले. बेक्लोमेथासोन या श्वासावाटे घ्यायच्या स्टिरॉइडचे १५०० मायक्रोग्रॅम किंवा त्याच्या तोडीचे औषध रोज चालू असतानाही, किमान १५० दिवसांच्या काळात निम्म्याहून अधिक वेळा दिवसभरातील चढउतार ४० टक्क्यांपेक्षा जास्त राहिला, तर तो पहिला प्रकार. औषधाच्या मात्रेची ही अट फार महत्त्वाची आहे. 'पंपाची सवय लागते' ही समजूत आपल्याकडे आजही घट्ट आहे. तिच्यापायी मध्येच पंप बंद केलेल्या किंवा तो चुकीच्या पद्धतीने ओढणाऱ्या रुग्णाचा दमाही वरवर असाच अनावर दिसतो, म्हणून आधी ते तपासावे लागते.

पहिल्या प्रकारासाठी ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात टर्ब्युटालिन हे श्वासनलिका मोकळी करणारे औषध लहान सिरिंज पंपातून त्वचेखाली सतत सोडण्याचा प्रयोग झाला. जवळ बाळगता येणाऱ्या सिरिंज पंपाची रचनाही राइट यांचीच, हा योगायोग विलक्षण आहे. पुढे दम्याच्या मुळाशी असलेल्या दाहावर नेमके काम करणारी इंजेक्शने आली. आयजीई या अ‍ॅलर्जीतील प्रतिपिंडाला रोखणाऱ्या ओमॅलिझुमॅबला अमेरिकेत २००३ मध्ये आणि इओसिनोफिल या पांढऱ्या रक्तपेशी घटवणाऱ्या मेपोलिझुमॅबला २०१५ मध्ये मान्यता मिळाली. तेव्हापासून रक्ततपासणीवरून उपप्रकार ठरवून उपचार निवडले जातात आणि 'ठिसूळ' हे नाव हळूहळू मागे पडत आहे.

दुसऱ्या प्रकारात मात्र तक्ता फारसा उपयोगी पडत नाही. त्या रुग्णाची रेषा सपाट, निरोगी माणसासारखी असते आणि उघड कारण नसताना तीन तासांच्या आत जीवघेणा झटका येतो. म्हणून अशा रुग्णांसाठी अ‍ॅड्रेनॅलिनचे तयार इंजेक्शन जवळ ठेवणे, आजाराची माहिती कोरलेले कडे हातात घालणे आणि पहिल्या धापेलाच रुग्णवाहिका बोलावण्याची सूचना घरातल्या प्रत्येकाला लेखी देऊन ठेवणे, अशी व्यवस्था आखली गेली.